एका पाण्याची तीन खाती : शेत, फळबाग आणि डोंगर
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



ऊन हे शेतीचे भांडवल आहे, असे म्हटले तर उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावाला ती थट्टा वाटेल. तथापि ते खरे आहे. पानातील हरितद्रव्य उन्हाच्या बळावरच हवा आणि पाणी यांपासून अन्न तयार करते. दाण्यात पीठ आणि फळात साखर भरते ती उन्हामुळेच. ज्या प्रदेशात वर्षातील पुष्कळसे दिवस आकाश निरभ्र असते, त्या प्रदेशाला निसर्गाने हे भांडवल सढळ हाताने दिलेले असते. उणीव असते ती पाण्याची. म्हणून अशा प्रदेशात शेती, फळबाग आणि वन यांचा विचार वेगवेगळा करून भागत नाही. तिघांची खाती निरनिराळी दिसली, तरी तिजोरी एकच असते. ही खाती कशी चालतात, कोठे बिघडतात आणि गावची शाळा त्यांत काय करू शकते, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे. उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका घेतला आहे.

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे निघाले की हा प्रदेश सुरू होतो. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर आपले ओझे उतरवून पुढे येतात. त्यामुळे तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत पाऊस बरा पडतो. परंतु जेजुरीवरून पूर्वेकडे जावे तसतसा तो कमी होत ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर येतो. मधून कऱ्हा वाहते. आचार्य अत्रे यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले, ती हीच नदी. जमिनीखाली काळा कातळ आहे. वाळूचा थर जसे पाणी पोटात घेतो, तसे हा कातळ घेत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. येथील विहीर म्हणजे अखंड झरा नव्हे, रांजण होय. पावसाळ्यात भरेल तेवढेच तीत असावयाचे. उलट एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची वाफ दिवसाकाठी आठ-दहा मिलिमीटरपर्यंत होते. आत येणारे मोजके आणि बाहेर जाणारे अमोजके, अशी येथील स्थिती आहे.

या स्थितीशी जुळवून घेण्याची युक्ती येथील शेतकऱ्याने फार पूर्वीपासून साधली. खरिपात बाजरी घ्यावी. पाऊस बरा असेल तेथे वाटाणा घ्यावा. भारी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवून, कुळवून, तीत ओल साठवावी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरावी. रब्बीची ज्वारी आकाशाकडे पाहून वाढत नाही, ती मातीत साठलेल्या ओलीवर वाढते. थंडी पडू लागली की जमिनीला भेगा पडतात व त्यांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपणी करून भेगा बुजवावयाच्या आणि वरचा थर भुसभुशीत ठेवावयाचा. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते याच अर्थाने. ज्या मुलाने वडिलांच्या मागे कोळप्यामागून चार तास घातले आहेत, त्याला बाष्पीभवनाचा धडा निराळा शिकवावा लागत नाही. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीचे नाव तेवढे सांगावे लागते.

फळबागेच्या बाबतीत पुरंदरने दोन फळांना विशेष आश्रय दिला. एक सीताफळ आणि दुसरे अंजीर. दोन्ही उन्हाची, परंतु दोघांचा स्वभाव सर्वस्वी भिन्न; आणि या भेदातच पाण्याच्या हिशेबाचा मुख्य धडा आहे.

सीताफळ मूळचे अमेरिका खंडातील. पण दख्खनच्या माळाने त्याला असे आपलेसे केले, की ते येथलेच वाटावे. उन्हाळ्यात हे झाड पाने गाळून स्वस्थ उभे राहते. पान नाही म्हणजे पाण्याचा खर्च नाही. पाऊस येण्याच्या सुमारास ते पालवते, फुलते आणि पावसाच्याच पाण्यावर फळ धरून ते पावसाळ्याच्या अखेरीस पिकवते. त्याची पाने शेळ्या-गुरे सहसा खात नाहीत. त्यामुळे कुंपण नसलेल्या बांधावरही ते तगते. त्याच्या फुलांत पराग वाहून नेण्याचे काम बारीक भुंगेरे करतात, आणि ते भुंगेरे पाचोळ्याच्या व कुजक्या फळांच्या आश्रयाने राहतात. झाडाखालची सगळी जमीन लखलखीत झाडून काढणारा बागाईतदार आपल्याच मजुरांना हाकलून देत असतो, हे मुलांना आवर्जून दाखवावे.

अंजिराचे तसे नाही. दिवे, सोनोरी, गुरोळी या गावांकडील अंजीर प्रसिद्ध आहे, आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अंजिराला दोन बहर येतात. पावसाळी बहर तो खट्टा बहर. दमट हवेत तांबेऱ्याचा उपद्रव होतो आणि फळात गोडीही कमी भरते. उन्हाळी बहर तो मीठा बहर. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात फळ मधासारखे पिकते, आणि भावही चांगला मिळतो. परंतु नेमक्या याच महिन्यांत विहिरींचा तळ दिसू लागतो. म्हणजे अंजिराची गोडी उन्हाने भरली, तरी तिची किंमत विहिरीने मोजलेली असते. ही किंमत बागेच्या मालकाने एकट्याने मोजली असती, तर तक्रारीचे कारण नव्हते. भूजलाला मात्र बांध नसतो. एका विहिरीचा उपसा वाढला, की शेजारची विहीर उतरते. आणि सर्वांचा उपसा वाढला, की गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर उतरते.

तिसरे खाते डोंगराचे. फळबागेला पाणी विहीर देते, असे वाटते. वास्तविक विहिरीला ते डोंगर देत असतो. उघड्या उतारावर पावसाचा थेंब आपटतो, माती उखडतो आणि तिला घेऊन धावत सुटतो. त्याच उतारावर गवत, झुडपे आणि पाचोळा असेल, तर थेंब अडतो, थांबतो आणि मुरतो. त्यातील काही भाग मुळे पितात, काही वाफ होऊन जातो आणि उरलेला सावकाश पायथ्याच्या विहिरींत उतरतो. वन म्हणजे केवळ उंच वृक्षांची गर्दी, ही समजूत या प्रदेशात उपयोगाची नाही. झाडेही पाणी पितात. झपाट्याने वाढणाऱ्या एकाच जातीच्या झाडांची दाट लागवड उथळ मुरमाच्या डोंगरावर केली, तर ती पायथ्याच्या वाट्याचे पाणी स्वतःच पिऊन टाकू शकते. येथील खरे वन म्हणजे माथ्यावर व उतारावर पवना, मारवेल यांसारखी गवते, त्यांत बोर, आपटा, खैर, पळस अशी विरळ झाडे, बांधाला हिवर, बाभूळ, कडुनिंब, आणि ओढ्याकाठी उंबर, जांभूळ, करंज. समपातळीवर चर खणून आणि काही वर्षे चराई थांबवून एवढे राखता आले, तर गवत आधी येते, झुडपे मागून येतात आणि विहिरीतील फरक त्यांच्यामागून दिसू लागतो. ज्यांनी ही विहीर खणली त्यांची नावे गाव लक्षात ठेवते. ज्यांनी त्या डोंगरावर गुरे सोडली नाहीत, त्यांचे ऋण मात्र कोणी लिहून ठेवीत नाही.

हा विचार आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे गाव खानवडी हे याच तालुक्यातील. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा त्यांचा ग्रंथ १८८३ मधील. डोंगरउतारांवर ठिकठिकाणी बांध घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे आणि या कामी सरकारने लष्कराचे मनुष्यबळ लावावे, अशी सूचना त्यांनी त्यात केली आहे. अडविलेले पाणी आणि वाहून न गेलेली माती हीच शेतकऱ्याची ठेव होय, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

आता प्रत्यक्ष हिशेब. चौथी-पाचवीच्या वर्गात तो फळ्यावर सहज करता येईल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. एखाद्या गावाचे शिवार १,००० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर त्या शिवारावर ५०० कोटी लिटर पाणी पडते. गावाची वस्ती २,००० धरली आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी दिले, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागते. पडलेल्या पावसाच्या शंभरातील एक भागही नाही! मग उन्हाळ्यात टँकर का येतो? मुलांनी हा प्रश्न स्वतः विचारला पाहिजे, शिक्षकांनी त्यांच्या तोंडी घालता कामा नये.

उत्तर पुढच्या उदाहरणात आहे. पाटाने पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि २,००० माणसांचे वर्षभराचे पिण्या-वापरण्याचे पाणी यांची जवळजवळ बरोबरी झाली. पाऊस पुष्कळ पडला; परंतु त्यातील मोठा भाग वाफ होऊन गेला, काही वाहून गेला, आणि जो थोडा मुरला, त्याची वाटणी कोणी ठरविली नाही. ज्याचा पंप मोठा आणि विंधनविहीर खोल, त्याने ती परस्पर ठरविली. ज्या गावाचा साठा फेब्रुवारीत संपतो, त्या गावच्या शाळेच्या हजेरीपटावर त्याची खूण मार्च-एप्रिलमध्ये उमटते. टँकरच्या रांगेत हंडा धरून बसलेली मुलगी वर्गात गैरहजर लागते. तिच्या गैरहजेरीचे कारण शिवाराच्या हिशेबात असते.

ही वाटणी न्यायाने होऊ शकते काय, याचा एक थोर प्रयोग पुरंदरमध्येच झाला. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे या भागात हिंडले. हजारो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. दुष्काळ हटला, तरी त्या खडीने पुढच्या दुष्काळास अटकाव होणार नव्हता, हे त्यांना बोचले. १९७४ मध्ये त्यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर घेतली आणि तिचे पाणी पुन्हा उतारावर चढविले. माळ पिकू लागला. परंतु त्यांचे खरे कार्य याच्या पुढचे. पाणी आले, तर ते कोणाचे? या प्रश्नाला त्यांच्या पाणी पंचायतीने दिलेले उत्तर आजही विचार करावयास लावणारे आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे; माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली, तरी तिच्याबरोबर पाणी विकले जावयाचे नाही. उसासारखी तहानलेली पिके घ्यावयाची नाहीत. योजना एकट्याची नव्हे, गटाची. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उभारावयाचा.

विलासराव २००२ मध्ये निवर्तले. त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या योजनांपैकी सर्वच टिकल्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोठे पाणीच आटले, कोठे एकोपा आटला. तथापि प्रयोगाचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही. पाणी अडविणे हे यंत्राचे व कुदळीचे काम आहे. ते वाटणे हे मनाचे काम आहे, आणि ते दर पिढीला नव्याने करावे लागते. शाळेचा संबंध येतो तो येथेच.

आज साधने पुष्कळ सुधारली आहेत. ठिबक सिंचनाने थेंब मुळाशी पडतो आणि पाण्याची मोठी बचत होते. परंतु वाचलेल्या पाण्यावर बाग दुप्पट केली, तर विहिरीला त्या बचतीचा काय उपयोग? शेततळे उतारावरचे वाहते पाणी धरीत असेल, तर ते वरदान होय. परंतु प्लॅस्टिकचा कागद अंथरून, विहिरीचे वा विंधनविहिरीचे पाणी उपसून ते भरले, तर जमिनीच्या पोटात सावलीला असलेले पाणी उन्हात आणून वाळत घातल्यासारखे होते. मुळा-मुठेचे पाणी पुरंदर उपसा सिंचन योजनेने तालुक्याच्या काही भागांत येते. बाहेरून पाणी आले, तरी हिशेब चुकत नाही. उलट जमेची एक नवी बाजू वाढल्यामुळे तो अधिक काळजीने ठेवावा लागतो. साधन चांगले की वाईट, हे साधनावरून ठरत नाही, खातेवहीवरून ठरते.

ही खातेवही गावात कोणी ठेवावी? ग्रामपंचायतीने ठेवावी हे उघड आहे. परंतु तिची पहिली पाने शाळेत लिहिली जाऊ शकतात. त्यासाठी खर्च लागत नाही, नियमितपणा लागतो.

पहिली गोष्ट पावसाची नोंद. सरळ बाजूंचा एखादा डबा अंगणात, झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी पक्का बसवावा. पावसाळ्यात दररोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत लिहावी आणि डबा रिकामा करावा. हवामान खात्याची नोंदही याच वेळेस होते. सुटीच्या दिवशी हे काम शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे वाटून द्यावे. पाऊस न पडलेल्या दिवशीही शून्य लिहावयाचे. शून्य हीसुद्धा नोंदच आहे, हा गणिताचा मोठा संस्कार आहे.

दुसरी गोष्ट विहिरीची. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. शाळेने कठडा असलेली गावातील एक विहीर निवडून त्याच चार महिन्यांत मोजावी. दर मीटरला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला वजन, एवढे पुरे. दोरी शिक्षकांनी अथवा मोठ्या माणसांनी सोडावी, मुलांनी दूर उभे राहून नोंद करावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींची आलेखरेषा काढली, की गावाला जे व्याख्यानाने कळत नाही, ते त्या रेषेने कळते.

तिसरी गोष्ट जमिनीच्या पांघरुणाची. शाळेच्या आवारात दोन हात-दोन हात असे दोन वाफे करावेत. एक उघडा ठेवावा, दुसऱ्यावर चार बोटे पाचोळा पसरावा. दोहोंत सारखेच पाणी घालून चार दिवसांनी माती उकरून पाहावी. ओल कोठे टिकली, किडे-गांडुळे कोठे आली, दुपारी हाताला कोणती माती भाजते, हे मुलांनी स्वतःच लिहावे. डोंगरावरील वनाचा सारा सिद्धांत या दोन वाफ्यांत मावतो.

चौथी गोष्ट झाडांची. पावसाळ्यात शाळाशाळांतून वृक्षारोपण होते आणि मे महिन्याच्या सुटीत त्यातील बरीचशी रोपे वाळून जातात. हे दृश्य मुले पाहतात, आणि लावणे हे जगविण्याहून महत्त्वाचे असावे, असा उलटा धडा नकळत शिकतात. दहा लावून दोन जगविण्यापेक्षा तीन लावून तिन्ही जगवावीत. रोपाशेजारी मातीचे मडके पुरून, त्याला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात बसवावी. मडके भरले, की मुळाशी ओल राहते. सुटीतील पाळीचे वेळापत्रक वार्षिक परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबरच लावावे. निवड करताना एक उंबर अवश्य घ्यावा. उंबर, वड, पिंपळ आणि अंजीर ही एकाच कुळातील भावंडे; त्यांची फुले फळाच्या आत दडलेली असतात. अंजीर चिरून भिंगातून दाखविले, तर उंबराचे फूल कोणाला दिसत नाही या लोकसमजुतीचा उलगडा एका मिनिटात होतो आणि मुले तो जन्मभर विसरत नाहीत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. वर्गात एखाद्या मुलाच्या वडिलांचा ऊस असतो, एखाद्याच्या घरी नवे शेततळे असते आणि एखादीच्या घरी जमीनच नसते. हिशेब शिकविताना कोणाच्याही घराकडे बोट जाता कामा नये. कर्जाच्या ओझ्याखाली असलेला शेतकरी भाव देणाऱ्या पिकाकडे वळतो, यात त्याचा लोभ पाहण्यापेक्षा त्याची अडचण पाहावी. आकडे फळ्यावर असावेत, माणसे नसावीत. मुले घरी जाऊन ते आकडे सांगतातच, आणि बापाला जे सरकारी पत्रकाने पटत नाही, ते पुष्कळदा मुलीच्या वहीने पटते.

ऊन कमी करणे कोणाच्या हातचे नाही, आणि तसे करण्याची आवश्यकताही नाही. त्याच उन्हाने ज्वारीचा दाणा टणक होतो आणि अंजीर गोड होते. पाऊस वाढविणेही कोणाच्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच, की पडलेला थेंब डोंगराने अडवावा, शेताने जपून वापरावा, बागेने आपल्या वाट्यापुरताच घ्यावा आणि उरलेला पिण्यासाठी राखला जावा. गावातील कोणत्याही सभेत हे चौघे एकत्र बसत नाहीत. त्यांना एका पानावर एकत्र आणणारी जागा आजमितीस एकच आहे, आणि ती म्हणजे शाळेतील मुलांची वही. येत्या पावसाळ्यात प्रत्येक शाळेत त्या वहीचे पहिले पान लिहिले जावे, आणि पुढील मे महिन्यात ते ग्रामसभेपुढे वाचले जावे, एवढी अपेक्षा ठेवणे वावगे होणार नाही.